ट्रॅक कापा, तार जोडा: तयार पीसीबीवर हातानं बदल

पीसीबीवरचा (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या छापील बोर्डवरचा) ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, कापायला दहा सेकंद पुरतात. कोणता ट्रॅक आणि नेमका कुठे कापायचा हे शोधायला अर्धा तास जातो. हा अर्धा तास ज्याला जड वाटतो, त्याचं बोर्ड दहा सेकंदांनंतर भंगारात जातं. ठरवून कापलेला ट्रॅक पाच मिनिटांत पुन्हा जोडता येतो. चुकून कापलेला मात्र आधी सापडावा लागतो.

इथे जे सांगितलंय ते एका किंवा दोन थरांच्या बोर्डांसाठी आहे: बाजारात मिळणारी मॉड्यूल, छोटे कंट्रोलर, २४ व्होल्टपर्यंतचे डीसी सर्किट, कॉलेजच्या प्रोजेक्टची बोर्डं. मोबाइलच्या आठ-दहा थरांच्या बोर्डावर मायक्रोस्कोपखाली चालणारं काम वेगळं. २३० व्होल्टच्या बाजूबद्दल शेवटी लिहिलंय, ते आधी वाचलंत तरी हरकत नाही.

सामान

इंदुरात हे सगळं एका दुपारी गोळा होतं. सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचा लेप), चिमटे, जंपर तार आणि हिरवा यूव्ही मास्क (यूव्ही प्रकाशात घट्ट होणारा, बोर्डवरच्या हिरव्या थरासारखा लेप) जेल रोडला मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. बारीक ड्रिल आणि ते हातानं फिरवायचा पिन व्हाइस सियागंजात बघा. ब्लेड मात्र हार्डवेअरवाल्याकडून घेऊ नका. दवा बाजारातून किंवा कुठल्याही सर्जिकलच्या दुकानातून ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड घ्या, सोबत ३ नंबरचा हँडल. हे ब्लेड टोकदार आणि सरळ धारेचं असतं, हँडलमध्ये डगमगत नाही आणि कागद कापायच्या कटरपेक्षा कितीतरी जास्त ताब्यात राहतं. पाच-सहा कट झाले की टोक मोडतं, म्हणून एकदम दहा घेऊन ठेवा.

आयर्न २५ वॉटचा साधा चालतो, पण बिट, म्हणजे त्याचं तापणारं टोक, बारीक आणि चकचकीत हवी. तापमान नियंत्रण असलेलं स्टेशन असेल तर ३२० ते ३५० अंश सेल्सियस ठेवा. साध्या आयर्नला नियंत्रण नसतं, नुसता पडून राहिला की बिट गरजेपेक्षा बरीच जास्त तापते. म्हणून पॅडला (घटकाचा पाय जोडायच्या तांब्याच्या ठिपक्याला) लावण्याआधी ती ओल्या स्पंजवर एकदा टेकवा. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला आयर्न घ्या. दोन पिनांच्या आयर्नच्या बिटेवर थोडी गळती येऊ शकते. तोच हाताशी असेल तर आयसीच्या पायाला लावताना प्लग क्षणभर काढायचा. बिटेत तेवढी उष्णता शिल्लक असते.

सोल्डर ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं), ०.५ किंवा ०.८ मिमी जाडीचं. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मधली चिखलासारखी अवस्था नसते. नव्या मॉड्यूलवर बहुधा शिसंविरहित सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. असा जॉइंट उघडत नसेल तर आयर्न दाबून धरू नका, त्यात आपलं थोडं ६३/३७ मिसळा. मिश्रण कमी तापमानाला वितळतं आणि काम सोपं होतं. शिसं हाताला लागतं, म्हणून काम संपल्यावर हात साबणानं धुवूनच चहाला बसा.

फ्लक्स राळेचा. पत्र्याला डाग द्यायला वापरतात तो झिंक क्लोराइडचा आम्लयुक्त फ्लक्स पीसीबीला लावला तर जॉइंट आज छान दिसेल आणि पावसाळा संपेपर्यंत हिरवा होईल.

तारेबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण बरेच बिघाड तारेमुळे होतात. सर्वांत चांगली तार म्हणजे वायर-रॅपची ३० एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप): आतली तार ०.२५ मिमी, वर कायनार नावाच्या प्लॅस्टिकचं आवरण, जे आयर्नच्या उष्णतेनं लगेच मागे सरकत नाही. एक मीटर लांबीला साधारण ०.३४ ओहम. अर्ध्या अँपिअरपर्यंत बिनधास्त वापरा. ती नसेल तर जुन्या रिबन केबलची एक तार सोला. २८ एडब्ल्यूजीच्या तारेत ०.१२७ मिमीचे सात धागे असतात, त्यातला एक धागा बारीक कामाला उत्तम. लॅन केबलची तार टाळा. ती ०.५ मिमी जाड आणि ताठ असते, हलली की तरफेसारखी पॅड उपटते.

इनॅमलची तार घ्यायची तर आधी एक चाचणी करा. बिटेवर सोल्डरचा टपोरा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात बुडवून तीन-चार सेकंद ठेवा. पॉलियुरेथेनचं इनॅमल वितळतं आणि टोक चांदीसारखं होतं. मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणलेल्या तारेचं इनॅमल बहुतेक वेळा असं निघत नाही. ते ब्लेडनं किंवा बारीक पॉलिश पेपरनं खरवडावं लागतं. अर्धवट खरवडलेल्या तारेवरचा जॉइंट दिसायला चकचकीत, पण आतून सुटा असतो. दुकानात नंबर सांगायचा तर ३६ एसडब्ल्यूजी म्हणजे ०.१९ मिमी आणि ४० म्हणजे ०.१२ मिमी. एसडब्ल्यूजी आणि एडब्ल्यूजी हे वेगळे मापदंड आहेत, दुकानदाराला कोणता ते स्पष्ट सांगा.

याशिवाय १० पटीचं घड्याळजीचं भिंग, डी-सोल्डर विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी), कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि मल्टिमीटर. मल्टिमीटरच्या एका प्रोबला शिवणाची सुई तारेनं घट्ट बांधून घ्या. हिरव्या मास्कमधून टोचून ट्रॅकला हात घालायला याहून चांगलं काही नाही.

आधी बोर्ड वाचा

दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्येच आरशासारखा उलटा करून ठेवा, म्हणजे वरचं भोक आणि खालचं भोक जुळवताना डोकं फिरत नाही. मग बोर्ड टॉर्चसमोर धरा. दोन थरांच्या बोर्डात प्रकाश आरपार दिसतो आणि ट्रॅक कुठून कुठे जातात ते कळतं. जिथे कुठेच प्रकाश येत नाही तिथे आत आणखी थर असावेत किंवा दोन्ही बाजूंना तांब्याची सलग चादर असावी. फरक कळत नसेल तर खोल कापू नका. चार थरांच्या १.६ मिमी बोर्डात आतला पहिला थर पृष्ठभागापासून साधारण ०.२ मिमीवर असतो, आणि तो बहुतेक ग्राउंडचा (सप्लायच्या ऋण टोकाला जोडलेला) असतो. जोरानं चालवलेलं ब्लेड वरचा ट्रॅक कापतं आणि खालच्या ग्राउंडला चिकटवतं.

कापायच्या ट्रॅकची दोन्ही टोकं शोधा. मग तिसरं टोकही शोधा, कारण ट्रॅक वाटेत फाटे फोडतो. उदाहरणार्थ, ५ व्होल्टची रेषा रेग्युलेटरपासून आयसीपर्यंत जाते, पण मध्येच एखादा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पॉवरचा एलईडी तिच्यावरच असतो. कट कपॅसिटरच्या अलीकडे घ्यायचा की पलीकडे, यावर आयसी नीट चालेल की नाही ते ठरतं. हा आयसीचा सप्लाय स्थिर ठेवणारा, म्हणजे डी-कपलिंगचा कपॅसिटर नेहमी आयसीच्या बाजूला राहू द्या.

मल्टिमीटरची बीप म्हणजे शून्य ओहम नव्हे. बरेच मीटर ३० ते ५० ओहमपर्यंत बीप करतात, त्यामुळे छोटी कॉइल, ट्रान्सफॉर्मर किंवा १० ओहमचा रेझिस्टरही 'जोडलेला ट्रॅक' वाटतो. संशय आला की २०० ओहमच्या रेंजवर घ्या, प्रोब एकमेकांना टेकवून स्वतःचा आकडा बघा आणि तो वजा करा. उरलं ते शून्याच्या जवळ असेल तरच ट्रॅक.

कापणं

बोर्डवरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाड असतं, माणसाच्या केसाच्या निम्मं. त्याला जोर लागत नाही. बोर्ड टेबलाला टेपनं चिकटवा किंवा व्हाइसमध्ये कापड लावून धरा. हातात धरलेल्या बोर्डावर ब्लेड घसरलं तर ते बोटात जातं.

ब्लेड ४५ अंशांत तिरकं धरा आणि ट्रॅकला आडवी हलकी ओढ द्या, सहा-आठ वेळा. मग दुसऱ्या बाजूनं तितकीच तिरकी, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होईल. आता तिच्यापासून १ ते १.५ मिमीवर दुसरी खाच. दोन खाचांमधल्या तुकड्यावर बिट दोन-तीन सेकंद टेकवा. खालचं इपॉक्सी मऊ होतं आणि तुकडा चिमट्यानं उचलता येतो. एकाच खाचेवर थांबायचा मोह होतो, पण तांब्याचं बारीक कुसळ खाचेत आडवं पडून राहतं. टेबलावर चाललेलं बोर्ड मग बॉक्सात बसवल्यावर, किंवा महिन्यानं, अधूनमधून शॉर्ट दाखवतं. असा दोष शोधण्यापेक्षा दुसरी खाच स्वस्त.

ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडची चादर असेल, तर मधलं अंतर जेमतेम ०.२-०.३ मिमी असतं. ब्लेड तांबं बाजूला रेटतं आणि कापलेल्या ट्रॅकचं टोक ग्राउंडला लागतं. म्हणून कापल्यावर दोन मोजमापं घ्या: कटच्या अलीकडून पलीकडे, आणि दोन्ही टोकांपासून ग्राउंडला. दुसरं मोजमाप जवळजवळ सगळेच विसरतात.

जागा निवडताना पॅडला चिकटून कापू नका. दोन्ही बाजूंना ३-४ मिमी ट्रॅक उरला, तर उद्या निर्णय बदलल्यावर तिथे तार लावता येते. ३ मिमीहून रुंद ट्रॅकला ब्लेडऐवजी २ मिमीचं ड्रिल हातानं फिरवून तांब्याचे गोल घास काढा. झिरो पीसीबीच्या, म्हणजे प्रयोगासाठीच्या भोकांच्या बोर्डाच्या, पट्ट्या कापायला तर ब्लेड नकोच. ४-५ मिमीचं ड्रिल भोकावर ठेवा, बोटांनी चार वळसे द्या, पट्टी तुटते.

वर आणि खाली जोडणारं छोटं भोक, म्हणजे व्हाया तोडायचा असेल, तर पिन व्हाइसमध्ये ०.८ मिमीचं ड्रिल लावून भोक रुंद करा. आतला तांब्याचा मुलामा निघून जातो. हे फक्त दोन थरांच्या बोर्डावर करायचं.

जंपर लावणं

तार लावायला पहिली पसंती घटकाच्या पायाला, दुसरी व्हायाला, तिसरी खरवडलेल्या ट्रॅकला. पायाला आधीच सोल्डर असतं आणि घटक स्वतः तारेचा ताण घेतो. व्हायावरचा मास्क खरवडून भोकात ०.१२७ मिमीचा धागा घातला, तर जॉइंट ट्रॅकपेक्षा पक्का होतो. भोकातल्या तांब्याला दोन्ही बाजूंचा आधार असतो.

ट्रॅकच खरवडायचा असेल तर ब्लेडचं टोक वापरू नका. धार उभी धरून विळीवर साल काढल्यासारखी एकाच दिशेनं ओढा. मास्कची हिरवी भुकटी निघते आणि खाली तांबं नव्या नाण्यासारखं चमकतं. ३ मिमी लांबी पुरे. लगेच फ्लक्स लावून टिन करा, म्हणजे सोल्डरचा पातळ थर चढवा, नाहीतर बोटाच्या घामानं ते काळवंडतं. तारेचं टोकही वेगळं टिन करा. मग तार ट्रॅकवर आडवी झोपवा, ट्रॅकच्याच दिशेनं, आणि बिट एक सेकंद टेकवा. टोकावर उभी लावलेली तार हलली की ट्रॅक सोलून निघतो.

पॅड किंवा ट्रॅक उचलला जाण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: गरम असताना ओढणं. साध्या एफआर-४ (काच-इपॉक्सीच्या) बोर्डचं इपॉक्सी १३०-१४० अंशांच्या पुढे मऊ पडतं, आणि आपण त्यावर ३५० अंशांची बिट ठेवतो. तीन सेकंदांत जॉइंट झाला नाही तर बिट काढा, बोर्ड थंड होऊ द्या, फ्लक्स घाला, पुन्हा करा. स्वस्त चार्जरमधली तपकिरी, कागद-फिनॉलची बोर्डं तर याहून नाजूक, तिथे दोन सेकंदच. याउलट ग्राउंडच्या मोठ्या चादरीवर २५ वॉट पुरत नाहीत, तांबं उष्णता पिऊन टाकतं. तिथे ५०-६० वॉटचा आयर्न घ्या. लहान आयर्न तासभर दाबण्यापेक्षा मोठा आयर्न दोन सेकंद बरा.

तारेचा मार्ग बोर्डच्या कडांना समांतर, काटकोनात वळणारा ठेवा. दिसायला छान म्हणून नव्हे, तर तिरपी तार बोर्ड उचलताना बोटात अडकते म्हणून. आयसीच्या वरून तार नेऊ नका, उद्या तोच आयसी काढावा लागेल. क्रिस्टलपासून आणि स्विचिंग सप्लायच्या कॉइलपासून लांब. दर दोन सेंमीवर एक चिकट थेंब. बटण, एलईडी, रिले, सिरीयल पोर्ट अशा संथ सिग्नलला १० सेंमी तारेनं काही होत नाही. यूएसबीच्या दोन डेटा तारा नाइलाजानं ओढायच्याच असतील तर त्या पिळून, सारख्या लांबीच्या आणि जमतील तितक्या आखूड ठेवा.

रेझिस्टर बदलणं: तीन नेहमीची कामं

बोर्डात बदल म्हणजे दर वेळी ट्रॅक कापणं नव्हे. बऱ्याच वेळा एक रेझिस्टर बदलला की काम होतं.

पहिलं काम टीपी४०५६ च्या लिथियम चार्जर मॉड्यूलचं. ते १ अँपिअरला सेट होऊन येतं आणि लोक त्याला ५०० मिलिअँप-तासाचा छोटा पाऊच सेल लावतात. क्षमतेच्या दुप्पट करंट जातो, सेल तापतो, फुगतो. करंट ठरवणारा रेझिस्टर १.२ किलोओहमचा असतो, त्यावर १२२ लिहिलेलं असतं. मिलिअँपमधला करंट साधारण १२०० भागिले किलोओहम. ४.७ किलो लावला की सुमारे २५० मिलिअँप, म्हणजे ५०० च्या सेलला निम्मा, अगदी योग्य.

दुसरं एलसीडीच्या मागे लागणाऱ्या आयटूसी (दोन तारांवर डेटा नेणाऱ्या पद्धतीच्या) बॅकपॅकचं. त्यावर बहुधा ४.७ किलोचे दोन पुल-अप (डेटाच्या तारा 'हाय'कडे ओढून धरणारे रेझिस्टर) ५ व्होल्टला बांधलेले असतात, खूण ४७२. ईएसपी३२ या कंट्रोलरच्या पिना ३.३ व्होल्टच्या. दोन्ही रेझिस्टर काढा आणि ईएसपीच्या बाजूला तेवढेच दोन ३.३ व्होल्टला लावा. कागदावर बघायचं तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या पीसीएफ८५७४ या बॅकपॅकवरच्या चिपला 'हाय' समजायला ३.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे ही जुळणी आखूड तारेवर चालते आणि लांब तारेवर कधीकधी रुसते. बिनचूक काम हवं तर लेव्हल शिफ्टरच (दोन व्होल्टेज जुळवणारं सर्किट) लावावा. एकाच बसवर, म्हणजे त्याच दोन तारांवर, पाच मॉड्यूल असली तरी हेच दुखणं निघतं: ४.७ किलोचे पाच पुल-अप समांतर म्हणजे ९४० ओहम, ५ व्होल्टवर ५ मिलिअँपहून जास्त, तर साध्या आयटूसीत चिप ३ मिलिअँप खाली ओढेल एवढीच हमी असते. एका मॉड्यूलचे ठेवा, बाकीचे काढा.

तिसरं एलएम२५९६ च्या बक (व्होल्टेज कमी करणाऱ्या) मॉड्यूलचं. याचा ट्रिमपॉट (पेच फिरवून बदलायचा छोटा रेझिस्टर) आउटपुट आणि चौथ्या पायाच्या, म्हणजे फीडबॅकच्या, मध्ये असतो. पॉटची आतली सरकपट्टी सुटली की फीडबॅक शून्यावर जातो, चिपला वाटतं आउटपुट कमी आहे, आणि ती १२ व्होल्टचा सगळा इनपुट पलीकडच्या ५ व्होल्टच्या यंत्रात ढकलते. कायम बसवायच्या मॉड्यूलवर म्हणून पॉट नकोच. सूत्र: १.२३ × (१ + पॉटच्या जागचा रेझिस्टर ÷ खालचा रेझिस्टर). खालचा ३३० ओहम असेल, खूण ३३१, तर वर १ किलो १ टक्क्याचा लावून ४.९६ व्होल्ट मिळतात. आपल्या मॉड्यूलवर खालचा किती आहे ते आधी वाचा. पॉटचं प्लॅस्टिक कटरनं फोडा आणि तीन पाय एकेक करून काढा. तिन्ही एकदम ओढून भोकाचा मुलामा उपटण्यापेक्षा पॉट गेलेला बरा. नवा रेझिस्टर लागेपर्यंत त्या मॉड्यूलला सप्लाय देऊ नका, पॉट काढलेला असणं आणि सरकपट्टी सुटलेली असणं सारखंच.

बारीक एसएमडी (भोकाविना पृष्ठभागावर बसणारा) रेझिस्टर एका आयर्ननं काढायचा असेल तर कंजूषी सोडा. दोन्ही टोकं झाकली जातील एवढा सोल्डरचा थेंब त्यावर ओता, सगळं वितळलं की रेझिस्टर तरंगतो, चिमट्यानं बाजूला सारा. ०८०५ (२ × १.२५ मिमी) आणि ०६०३ (१.६ × ०.८ मिमी) या मापांना हे हमखास जमतं. उरलेलं सोल्डर विकनं टिपा. विक थंड झाली की पॅडला चिकटते, तेव्हा ओढायची नाही. पुन्हा बिट ठेवा आणि बिट-विक एकत्र उचला. नवा बसवताना एकाच पॅडला टिन करा, रेझिस्टर चिमट्यानं सरकवत त्यात बसवा, मग दुसरं टोक. एसएमडी मिळालाच नाही तर पाव वॉटचा साधा रेझिस्टर पाय ४ मिमी ठेवून लावा आणि त्याचं अंग चिकटवून टाका.

आयसीचा एक पाय सोडवणं

आयसीचा एकच पाय बोर्डापासून तोडायचा असेल आणि ट्रॅक त्याच्या पोटाखाली जात असेल, तर पाय उचलावा लागतो. १.२७ मिमी अंतराच्या पायांवर हे साध्या आयर्ननं होतं. फ्लक्स घाला, पायाच्या मागे सुईचं टोक अडकवा, बिट लावा, सोल्डर वितळताच सुई हलकेच वर. उचललेल्या पायाखाली कॅप्टॉन टेपचा तुकडा सरकवा आणि तार त्या पायाला लावा. पाय एकदाच वाकवायचा. वर-खाली दोन-तीनदा केलं की तो अंगापासून तुटतो, आणि आयसीच्या अंगात उरलेल्या ठिपक्याला तार जोडणं हे काम कुणाच्याही शत्रूला लागू नये. ०.५ मिमीच्या पायांसाठी ट्रॅक कापायची दुसरी जागा शोधण्यात वेळ घालवा.

जास्त करंटचा ट्रॅक

१ मिमी रुंदीचा ट्रॅक दोन ते अडीच अँपिअरला साधारण १० अंशांनी तापतो. मे महिन्यात बंद बॉक्सातली हवा आधीच पन्नाशीला असते, तेव्हा मोजताना हात राखून ठेवा. ट्रॅकवर सोल्डर थापून तो 'जाड' करायची पद्धत सगळीकडे दिसते, पण शिसं-कथलाचं सोल्डर तांब्याच्या सुमारे एक अष्टमांशच वीज वाहतं. ३ मिमीच्या ट्रॅकवर ०.३ मिमीचा थर दिला तर वाहकता जेमतेम दुप्पट होते. त्याच ट्रॅकवर २२ एसडब्ल्यूजीची (०.७१ मिमी) उघडी तांब्याची तार झोपवून सोल्डर केली, तर ट्रॅकच्या जवळजवळ चौपट तांबं वाढतं. तार घाला.

धुणं, चिकटवणं

राळेचा थर कोरड्या हवेत निरुपद्रवी असतो, दमट हवेत धूळ धरतो आणि मोठ्या ओहमच्या सर्किटात गळती करतो. अल्कोहोल ओता, ब्रश मारा आणि ते पाणीदार असतानाच कापडानं टिपा. नुसतं घासलं तर राळ पातळ होऊन बोर्डभर पसरते. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर नको, कनेक्टरचं प्लॅस्टिक विरघळतं. खरवडलेल्या जागेवर यूव्ही मास्कचा पातळ थर. जाड थर वरून कडक आणि खालून ओला राहतो. तो नसेल तर रंगहीन नेलपॉलिश, रात्रभर वाळू देऊन.

तार धरायला दोन नळ्यांचं इपॉक्सी उत्तम. हॉट ग्लू प्रयोगापुरता ठीक, हीटसिंकजवळ उन्हाळ्यात मऊ पडून सुटतो. व्हिनेगरचा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तांबं खातं. फेविक्विकचा थेंब चालतो, पण नंतर त्यावर आयर्न लावू नका, धूर डोळ्यांना झोंबतो.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पॉलिएस्टरचे कपडे घालून बसलात तर स्थिर विद्युत नक्की तयार होते. १ मेगाओहमचा रिस्ट स्ट्रॅप (मनगटावरचा अर्थिंगचा पट्टा) लावा, निदान अर्थ केलेल्या धातूला हात लावून मगच बोर्ड उचला.

पहिला सप्लाय

बदल झाल्यावर आधी सप्लायच्या दोन टोकांमधले ओहम मोजा आणि कापण्याआधीच्या आकड्याशी ताडा. आधीचा आकडा घेतलाच नसेल तर दुसऱ्या तशाच मॉड्यूलवर घ्या. मग १२ व्होल्टच्या लाइनीत गाडीचा ५ वॉटचा बल्ब मालिकेत लावून सप्लाय द्या. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि करंट ०.४ अँपिअरच्या आसपास अडतो, बोर्ड वाचतं. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर कपॅसिटर भरले, ठीक आहे. बोर्डाची स्वतःची भूकच अर्ध्या अँपिअरहून जास्त असेल तर २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब घ्या. चालू झाल्यावर पाच मिनिटं प्रत्येक नव्या जॉइंटजवळ तापमान बघा आणि लाकडी काडीनं तारा हलवा. ज्या तारेला हलवल्यावर सर्किट थरथरतं, तिचा जॉइंट पुन्हा करा.

२३० व्होल्टची बाजू

चार्जर आणि एसएमपीएसमध्ये (स्विचिंग सप्लायमध्ये) मेन्सची, म्हणजे २३० व्होल्टची, बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यात मोकळी पट्टी किंवा कापलेली फट असते. ती ओलांडून तार नेऊ नका, तिच्याजवळ सोल्डर, चिकटवणी, काही नको. आपली कुठलीही तार मेन्सच्या तांब्यापासून निदान ८ मिमी लांब राहिली पाहिजे. रिले मॉड्यूललाही हेच लागू आहे.

प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी शिल्लक असू शकतो. पेचकसानं शॉर्ट करून ठिणगी काढणं ही जुनी सवय, त्यात कपॅसिटरही दुखावतो आणि ट्रॅकही. ४.७ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अडीच सेकंदांत जवळजवळ रिकामा होतो, पण दहा सेकंद द्या आणि मीटरनं बघूनच हात घाला.

काम झालं की बोर्डच्या कडेला बारीक परमनंट मार्करनं तारीख आणि बदल लिहा: 'पॉट काढला, १ किलो, ५ व्होल्ट' एवढं पुरे. बदलाचा फोटो आधीच्या फोटोशेजारी ठेवा. तांब्याचे तुकडे, विकचे काळे पडलेले तुकडे आणि वाया गेलेली बोर्डं सुक्या कचऱ्यात टाकू नका. महापालिकेच्या गाडीत ई-कचऱ्याचा वेगळा खण असतो, त्यात द्या. वापरलेली ब्लेडं टेपमध्ये गुंडाळून वेगळी द्या, गाडीवाल्याचा हात त्यात जातो.